पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेवू नका

सान होसे, कोस्टा रिका
22 जुलै 2025

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

निघायच्या आदल्या रात्री बाबा फोनवर म्हणाले होते, "पाण्यापावसाची काहून चालली तिकडे? पक्षी पाहाचे तर हिवाळ्यात जाय ना." त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता आलं नसतं. उद्या ह्यूस्टनला परतायचं आहे, बॅग भरून झाली आहे, बाहेर दुपारपासून पाणी लागलं आहे आणि संध्याकाळपर्यंत मला दुसरं काही काम नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. दादाच्या फोनवर याचे फोटो आज येतील, कागद मागाहून पोस्टाने येईल. बाबांनी कागदावरच वाचावं, कारण यात बाबांकडे एक मागणं आहे.

बाबांचा प्रश्न आपल्या नागपूरच्या रीतीला धरूनच होता. आपल्याकडे पक्षी पाहणं म्हणजे दिवाळीनंतरचं काम. थंडी पडली की अंबाझरी, गोरेवाडा, उमरेड रोडकडचे तलाव. चक्रवाक आले का, पट्टकदंब आले का, थापट्या किती, तलवार बदकं किती. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे पाहायला सगळे पहाटे स्वेटर घालून निघतात. होळी झाली, ऊन तापलं, की दुर्बीण कपाटात. ती पुन्हा दिवाळीलाच बाहेर निघते. मृगापासून दसऱ्यापर्यंत आपण पक्षी पाहतच नाही. मला आता या चार महिन्यांबद्दलच बोलायचं आहे.

आधी हा देश कसा आहे ते थोडक्यात सांगते. उत्तर आणि दक्षिण अमेरिका जोडणारी जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर कोस्टा रिका आहे. क्षेत्रफळ 51,100 चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाच्या निम्म्याहून जरासं जास्त. एवढ्याशा जागेत पक्ष्यांच्या 900 हून जास्त जाती नोंदल्या आहेत. आपल्या अख्ख्या भारतात साधारण 1,350 आहेत. दोन्ही खंडांचे पक्षी इथे भेटतात, एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक, आणि मधून 3,800 मीटरपर्यंत चढत गेलेली डोंगरांची रांग. गाडीने दोन तास चढलं की जंगल बदलतं, थंडी वाजते आणि पक्षीही सगळे वेगळे.

पावसाळा इथे मे ते नोव्हेंबर. प्रवाशांची गर्दी डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या दिवसांत असते. त्या दिवसांत उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यापुरते आलेले पक्षीही असतात, त्यामुळे यादी लांब होते. ज्याला आकडाच वाढवायचा आहे, त्याने तेव्हाच यावं. जुलैत ते पाहुणे नसतात. असतात ते इथलेच, घरचे पक्षी, आणि आपापल्या संसारात गुंतलेले. मला तेच पाहायचे होते. शिवाय खोल्या स्वस्त आणि पायवाटा रिकाम्या.

आम्ही जास्त दिवस सारापिकीला राहिलो. कॅरिबियन बाजूचा हा सखल, दमट भाग. जवळच ला सेल्वा नावाचं संशोधन केंद्र आहे, साधारण 1,600 हेक्टरचं जंगल, आणि 1968 पासून ते अभ्यासकांच्या एका संस्थेच्या ताब्यात आहे. तिथे वर्षाला सुमारे 4,000 मिलिमीटर पाऊस पडतो. नागपूरच्या साडेतीन पट म्हणा. आई, आकडा वाचून घाबरू नको. 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडून एका रात्रीत आपल्याकडे घराघरांत पाणी शिरलं, तेव्हापासून तुला पावसाची धास्ती आहे ते मला माहीत आहे. पण इथे जमीन झाडांनी झाकलेली आहे आणि नद्यांना पसरायला जागा आहे. मोठा पाऊसही मातीत मुरतो आणि वाहून जातो.

पावसाची इथे एक चाल असते. बहुतेक दिवशी पहाटे उघडीप. नऊ-दहापर्यंत ऊन, मग ढग जमायला लागतात, आणि दुपारी एकदम कोसळतो. नेम मोडतोही. एकदा रात्री जो लागला तो सकाळी चहा होईपर्यंत थांबला नाही. पण साधारण चाल कळली की दिवस तिच्याप्रमाणे लावता येतो. साडेपाचला बाहेर, दुपारी निजणं, आणि पाऊस थांबायच्या सुमारास पुन्हा तयार राहणं.

त्या थांबण्याच्या वेळेबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. आमच्या मुक्कामाच्या मागे पत्र्याची एक उघडी शेड होती, दोन बाक आणि समोर सेक्रोपियाचं झाड. मोठी, हाताच्या पंजासारखी कापलेली पानं आणि खाली लोंबणारी बोटभर फळं. आमचा गाइड त्याच गावचा, पन्नाशीचा माणूस. पाऊस सुरू झाला की तो आम्हाला वाट बदलू द्यायचा नाही, खोलीत जाऊ द्यायचा नाही. बसा म्हणायचा. पत्र्यावर एवढा आवाज की बोलणं अशक्य, म्हणून सगळे गप्प. तासाभराने आवाज उतरायला लागला की तो हळूच उठून उभा राहायचा. अजून थेंब पडत असतानाच पहिला पक्षी यायचा, बहुतेक वेळा काळा टॅनेजर, पाठीच्या खालच्या भागावर रसरशीत लाल. तो अंग झटकायचा, पिसं फुगवायचा आणि फळाला चोच लावायचा. मग दुसरा, मग जोडी, मग बघता बघता झाड भरून जायचं. तासभर उपाशी बसलेले सगळे एकदम खायला निघालेले असतात. पाऊस थांबल्यावर पंख फुटलेल्या वाळव्या हवेत चढतात, त्यांच्यामागे माशीमार पक्षी सुटतात. पहाटे दोन-तीन तास चालून जे दिसत नव्हतं, ते त्या अर्ध्या तासात एका बाकावरून दिसायचं.

नागपूरला पाऊस थांबला की आपण पहिल्यांदा भजी तळायला घेतो. बाबा, भजी खाऊन घ्या, पण गच्चीवर उभं राहून खा.

शेजारच्या वाळलेल्या झाडावर काळी गिधाडं पंख पसरून वाळवत बसायची. गावात, रस्त्यावर, छपरावर, सगळीकडे गिधाडं. इथल्या लोकांना त्यांचं काहीच वाटत नाही. मी मात्र पाहतच राहायचे. ही आपल्या गिधाडांच्या कुळातली नाहीत, पण काम तेच करतात. बाबा, तुम्ही सांगायचात की तुमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांची झुंबड उडायची आणि सांजेपर्यंत नुसती हाडं उरायची. मी तसं एकदाही पाहिलं नाही. जनावरांना टोचायच्या डायक्लोफिनॅक नावाच्या दुखण्यावरच्या औषधाने आपली गिधाडं गेली आणि 2006 मध्ये बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. गेल्या वर्षी पेंचला गिधाडं आणून सोडली, ती टिकावीत असं मला फार मनापासून वाटतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते घरटं.

हमिंगबर्डमध्ये हर्मिट नावाचा एक गट आहे. तपकिरी, फारसा न चमकणारा, लांब आणि खाली वळलेल्या चोचीचा. ही चोच हेलिकोनियाच्या वाकड्या फुलात नेमकी बसते. ला सेल्वाच्या एका वाटेवर गाइड थांबला आणि त्याने बोटाने एक बुटकं पामचं झाड दाखवलं. मला नुसतं पान दिसत होतं. मग त्याने दुर्बीण लावायला सांगितली, पानाच्या टोकाकडे, खालच्या बाजूला. तिथे पानालाच चिकटवलेला एक छोटा सुळका होता, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी आणि झाडाच्या तंतूंनी विणलेला. आत मादी बसलेली होती, पानाकडे तोंड करून, मान मागे वाकवून, चोच थेट वर. शेपूट मागे उभी. शरीर एवढंसं आणि घरटं त्याहून एवढंसं, की तिला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने बसताच येत नसावं.

आम्ही दूरच उभे होतो तेवढ्यात पाऊस आला. धो धो. पान वाकलं, पाणी पानाच्या वरच्या बाजूने घरंगळत टोकावरून खाली पडायला लागलं, अगदी तिच्या पाठीमागून, अंगाला न लागता. पान म्हणजे छप्पर. तिने जागा निवडताना हा पाऊस धरूनच निवडली होती. वाऱ्याने पान हलायचं, तिच्यासकट हलायचं, आणि ती तशीच. मी डोळ्यांना दुर्बीण लावून इतकी उभी राहिले की हात थरथरायला लागले. मग गाइडने सगळ्यांना पुढे काढलं. फोटो नाही, जवळ जाणं नाही. कारण विचारल्यावर म्हणाला, आपण उभे राहिलो की आपल्यामागे माकड बघतं, साप बघतो, टुकान बघतो. टुकान फळं खातो, पण दुसऱ्याची पिल्लं आणि अंडीही खातो.

मला त्या दिवसापर्यंत वाटायचं की पावसात पक्षी कसेबसे तग धरतात, आडोशाला बसून वाट पाहतात. या मादीने पावसातच घर मांडलं होतं. फुलं भरपूर, किडे भरपूर, पिल्लांना भरवायला हवं ते सगळं या दिवसांत होतं.

मुंग्यांची एक गोष्ट छोटीला वाचून दाखवा. इथे एका जातीच्या सैनिक मुंग्या आहेत, त्यांना कायमचं वारूळ नसतं. हजारोंनी रांगा धरून जंगलाच्या तळावरून पसरत जातात आणि पाचोळ्यातलं सगळं जिवंत हुसकून बाहेर काढतात. झुरळं, कोळी, नाकतोडे जीव घेऊन पळतात. आणि त्यांच्या पुढे, जमिनीपासून हातभर उंच काड्यांना आडवे धरून, काही पक्षी टपलेले असतात. ते मुंग्या खात नाहीत. पळणारा किडा टिपतात. आपल्याकडे नांगरामागून गायबगळे चालतात, तसंच हे. फरक एवढाच की यातले काही पक्षी पोटासाठी जवळजवळ पूर्णपणे मुंग्यांवरच अवलंबून असतात. रोज सकाळी मुंग्यांचा तळ शोधणं हाच त्यांचा दिवसाचा पहिला उद्योग. आम्हाला असा थवा सापडला तेव्हा गमबूटमध्ये पँट खोचून, पाय आपटत उभं राहावं लागलं. पण ते जंगलातले लाजरे पक्षी आमच्या पुढ्यात वावरत होते आणि आमच्याकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं.

छोटीला आणखी दोन गोष्टी सांगायच्या. ती आपल्या जास्वंदीवरच्या पक्ष्याला हमिंगबर्ड म्हणते. तो शिंजीर. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेच नाही, आणि त्याचं जवळचं नातं शिंजिराशी नाही, पाकोळ्यांशी आहे. मध पिता पिता दोघांच्या चोची लांब झाल्या एवढंच. दुसरं टुकानचं. कार्टूनमधला तो मोठ्या चोचीचा टुकान तिने दाखवला तेव्हा दादा म्हणाला होता की आपला धनेश त्याचाच भाऊ. दिसतात एकसारखे, पण धनेश आणि टुकान वेगळ्या कुळांतले. टुकानचा जवळचा नातलग तिला रोज ऐकू येतो. घरासमोरच्या कडुनिंबावर टुक-टुक करणारा तांबट. दादाला म्हणावं, तूही हे लक्षात ठेव.

वरच्या डोंगरात, सान गेरार्दोच्या खोऱ्यात, केत्झाल पाहिला. 2,200 मीटरवर, स्वेटर घालून. सगळे त्याच्या शेपटीचे फोटो पाहून जातात, नराची ती हिरवी पिसं हातभराहून लांब असतात. विणीचा हंगाम सरला की तो ती गाळतो, आणि आम्हाला भेटलेल्या नराची गळून गेली होती. आमच्यातला एक जण फार खट्टू झाला. मला तसं वाटलं नाही. जंगली अव्होकॅडोच्या झाडावर बसून तो एक अख्खं फळ गिळत होता, मग बी तोंडातून बाहेर टाकत होता. त्या झाडांचं रान असंच पसरतं.

पण या देशाने राष्ट्रीय पक्षी म्हणून केत्झाल निवडला नाही. रंगीबेरंगी मकाव पोपट नाही, टुकान नाही. 1977 मध्ये त्यांनी निवडला यिग्विर्रो. आज सकाळीही हॉटेलच्या अंगणात तो उड्या मारत गांडूळ शोधत होता. मातकट, तपकिरी, अंगावर उठून दिसणारा दुसरा रंग नाही. कस्तूर पक्ष्यांच्या घराण्यातला. मार्च-एप्रिलमध्ये, जमीन तापून भेगाळलेली असताना, तो पहाटे अंधारातच गायला लागतो, आणि थोड्या आठवड्यांत पाऊस येतो. शेतकरी म्हणतात, यिग्विर्रो पावसाला बोलावतो. घराजवळ राहणारा आणि पाऊस सांगणारा, म्हणून तो त्यांच्या देशाचा पक्षी.

हे ऐकल्यावर मला पावशा आठवला. काटोल रोडच्या संत्र्याच्या बागेत, आजोबांच्या गावी, मृग लागायच्या आत तो रात्रीबेरात्रीही ओरडायचा, "पेरते व्हा, पेरते व्हा." आजी म्हणायची, झाला, आता बियाणं काढा. हजारो मैलांवर, दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या पिकांच्या शेतकऱ्याने पावसाच्या तोंडावर तसाच एक पक्षी ऐकला आणि त्याला मान दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आणि त्याच वेळी रानावर आणि पक्ष्यांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली सर आठवले. 18 जूनला ते गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसमध्ये होते. 92 वर्षांचं आयुष्य, याच वर्षी मिळालेली पद्मश्री. बाबा, तुम्ही त्यांचं व्याख्यान ऐकून आलात की जेवताना आम्हाला सगळं पुन्हा सांगायचात. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथे वनखात्याची नोकरी करताना त्यांनी आदिवासींकडून, ढिवरांकडून, पारध्यांकडून पक्ष्यांची नावं आणि सवयी टिपून घेतल्या. ज्यांचं पोट रानावर आणि पाण्यावर होतं, त्यांच्याकडून. ते लोक हिवाळ्यापुरते रानात जात नव्हते. म्हणून त्यांच्याकडे पावसाळ्यातल्या पक्ष्यांचं ज्ञान होतं. आपण शहरातले लोक दुर्बिणी घेऊन त्यांच्याहून कमी पाहतो.

इथलं अजून एक सांगण्यासारखं. या देशाने गुरांच्या कुरणांसाठी आणि केळीच्या मळ्यांसाठी जंगल भराभर तोडलं होतं. 1980 च्या दशकात फार थोडं उरलं होतं. 1996 मध्ये त्यांनी वनकायदा केला आणि त्याखाली जमीनमालकाला जंगल राखण्याचे पैसे मिळायला लागले. इंधनावरच्या करातून त्यासाठी पैसा येतो. आज देशाच्या निम्म्याहून जास्त भागावर पुन्हा झाडं आहेत. आमच्या गाइडच्या वडिलांची गुरं होती, आता त्याच जमिनीवर जंगल आहे आणि मुलगा आमच्यासारख्यांना ते दाखवून घर चालवतो. मला लगेच गोंदियाचे सारस दिसले. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांधीत, याच पावसात घरटं करतात. शेतकऱ्याने तेवढा कोपरा सोडला तर पिल्लू निघतं. त्या कोपऱ्याचा मोबदला शेतकऱ्याच्या हातात वेळेवर पडला पाहिजे. नुसत्या कौतुकाने त्याचं धान भरून निघत नाही.

आता मागणं. बाबा, यंदा दुर्बीण दिवाळीची वाट पाहत कपाटात ठेवू नका.

तुम्ही हिवाळ्यात जे पाहता त्यातले कितीतरी पक्षी खऱ्या रूपात फक्त पावसाळ्यात दिसतात. हिवाळ्यातली सुगरण कुणी चिमणी समजून सोडून देईल. आता जुलैत नराचं डोकं पिवळंजर्द असेल आणि विहिरीवरच्या बाभळीला खोपे लोंबत असतील. तळ्यातल्या कमळपक्ष्याची लांब शेपटी फक्त विणीच्या दिवसांत असते. त्याच्यात अंडी नर उबवतो, आणि मादी पुढच्या नराकडे जाते. इथे सारापिकीच्या पाणथळ कुरणात त्याचा चुलतभाऊ पाहिला, त्याच्या घरचाही हाच कारभार. गायबगळे पाहा, डोकं आणि पाठ केशरी झाली असेल. आणि नवरंग. दक्षिणेतून आणि श्रीलंकेतून तो उन्हाळा सरता सरता आपल्या झुडपी रानात येतो, पिल्लं वाढवतो आणि थंडीच्या आधी परत जातो. हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्याला तो नागपुरात भेटतच नाही. पहाटे आणि दिवस मावळताना त्याची दुहेरी शीळ ऐकू येते.

परसातल्या सातभाईंकडेही लक्ष ठेवा. पावशा आणि चातक दोघंही त्यांच्या घरट्यात अंडी घालतात. एखादं पिल्लू बाकीच्यांहून वेगळं, मोठं आणि सारखं ओरडणारं दिसलं आणि सगळे सातभाई त्यालाच भरवत असले, तर ते कुणाचं ते ओळखा.

दुर्बिणीचं म्हणाल तर कपाट हीच तिच्यासाठी वाईट जागा. बंद, अंधारी, दमट. भिंगाला बुरशी तिथेच धरते. वापरून, पुसून, उघड्या हवेत ठेवून तिला काही होत नाही. चामड्याच्या खोक्यात ठेवू नका, ते ओल धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, दादा आणून देईल. रेनकोट घालू नका. आत घाम येतो आणि प्रत्येक हालचालीला चुरचुर आवाज होतो. साधी काळी छत्री बरी. पक्षी पांढऱ्या आभाळावर नुसता काळा दिसतो, म्हणून त्याच्यामागे झाडी येईल अशा बाजूने उभे राहा.

आई, तुझ्या काळज्यांसाठी. गवतात जायचं तर गमबूट, इतवारीत मिळतील. घोणस याच दिवसांत बांधावर असते. विजा चमकत असल्या तर झाडाखाली थांबायचं नाही, सरळ घरी. नाल्याला पाणी असेल तर ओलांडायचं नाही. आणि एकट्याने जायचं नाही. बाबांनी यातलं एक जरी मोडलं तर मला कळव.

बाबा, एक माझ्या बाजूने. सोबतच्या कुणीही मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावलं, तर त्याला थांबवा. विणीच्या दिवसांत नर तो आवाज ऐकून दुसरा नर आला समजतो आणि घरटं सोडून भांडायला येतो. घरट्याचे फोटो तर मुळीच नाहीत. आपल्याकडे हे फार वाढलं आहे आणि मला त्याची चीड येते. आवाज ओळखायला मात्र मर्लिन नावाचं ॲप दादा फोनवर टाकून देईल, ते ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं.

परवा जिवती. आईने भिंतीवर कागद लावला असेल, पुरणाची तयारी झाली असेल. पुढच्या महिन्यात तान्हा पोळा, छोटीचा लाकडी नंदी रंगवून ठेवा, मागच्या वर्षी शिंग निघालं होतं ते आधी चिकटवून घ्या. त्याच्या आधी एखाद्या रविवारी, रात्री पाऊस पडून सकाळी उघडला असेल तेव्हा, तिला घेऊन गोरेवाड्याकडे जा. तिला सहाला उठवणं दादाचं काम. वहिनीला म्हणावं, डब्यात सांबारवडी दे, मला इथे बसून वास येतो आहे.

नवरंगाची शीळ ऐकू आली तर रेकॉर्ड करून पाठवा. तारीख, वेळ आणि जागा लिहायला विसरू नका.

छोटीला गोड पापा. दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची लेक